लहान गावाची शाळा : पट, शिक्षक आणि पैसा

(पंचायत सदस्य, शिक्षक व शिक्षण विभागातील अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा मुलास शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा १ रुपया दंडाची तरतूद करण्यात आली होती. त्या काळी प्रश्न होता तो मुलाला शाळेपर्यंत आणण्याचा. आज डोंगराळ व विरळ वस्तीच्या भागात तो उलट झाला आहे. मूल शाळेत यावयास तयार आहे. शाळा त्याच्याजवळ राहील काय, हे ठरावयाचे आहे.

१ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण भागातील प्राथमिक शिक्षणाचा भार त्यांच्याकडे आला. त्यानंतरच्या दशकांत वाड्यावस्त्यांपर्यंत शाळा पोहोचल्या. त्यांपैकी अनेक शाळांचा पट आता वीसच्या आत आला आहे. अशा शाळांचे भवितव्य ठरविताना पट, शिक्षक आणि पैसा या तीन गोष्टींचा हिशेब वेगवेगळा मांडला जातो. वस्तुतः त्या एकाच दोरीचे तीन पदर आहेत.

एका आकड्याचे महत्त्व

दरवर्षी ३० सप्टेंबरच्या पटावरून शाळेची संचमान्यता होते, म्हणजे शिक्षकांची पदे ठरतात. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्यातील अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० पर्यंत ३ आणि ९१ ते १२० पर्यंत ४ शिक्षक असावयास हवेत. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने राज्यातील संचमान्यतेचे निकष सुधारण्यात आले, तेव्हा शिक्षक संघटनांनी त्यास हरकत घेतली. त्यांची चिंता मुख्यतः कमी पटाच्या शाळांविषयीच होती.

दोन शिक्षक व पाच इयत्ता ही लहान शाळेची नित्याची स्थिती होय. त्यांतील एक शिक्षक प्रशिक्षणास, केंद्राच्या बैठकीस किंवा मतदार यादीच्या कामास गेला, की पाचही इयत्ता एकाच्या हाती येतात. पहिलीच्या मुलाला अक्षर गिरवावयास द्यावे, तर पाचवीचा भागाकार अडतो. पालक हे पाहत असतात. गावाच्या फाट्यावर खाजगी इंग्रजी शाळेची गाडी येऊ लागली, की ज्यांना फी परवडते त्यांची मुले त्या गाडीत बसतात. पट उतरतो. पट उतरला की पद जाते आणि पद गेले की पट आणखी उतरतो. मागे उरतात ती ज्यांना दुसरा मार्ग नाही अशांची मुले.

पट उतरण्याची कारणे सर्वत्र सारखी नाहीत. काही गावांत मुलांची संख्याच घटली आहे. काही ठिकाणी कुटुंबे रोजगारासाठी शहराकडे गेली आहेत. बीडसारख्या जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले सप्टेंबरच्या पटावर असतात आणि दिवाळीच्या आसपास कारखान्यांच्या वाटेला लागतात. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. परंतु कोणते मूल आजीजवळ राहील आणि कोणते कोयत्यामागे जाईल, याची यादी शाळेने वेळेवर केली तरच ती उपयोगी पडते.

शासन पटाविषयी इतके काटेकोर का झाले, हेही समजून घेतले पाहिजे. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली. त्या वेळी अनेक शाळांत कागदावरील मुले वर्गात आढळली नाहीत. पुढे २०१५ पासून ‘सरल’ प्रणालीत प्रत्येक मुलाची नोंद होऊ लागली. खोट्या पटाने सार्वजनिक पैसा तर गेलाच. शिवाय खऱ्या, लहान पटाच्या शाळेकडेही संशयाने पाहण्याची सवय लागली.

दहा हजारांत वर्ष

शिक्षकांचे वेतन शासन देते. इतर दैनंदिन खर्चासाठी समग्र शिक्षा योजनेतून संयुक्त शाळा अनुदान मिळते, तेही पटावरच. ३० मुलांपर्यंत वर्षाला १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,००० आणि २५० पर्यंत ५०,००० रुपये, असे त्याचे टप्पे आहेत. त्यातील किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्चावयाचे असतात. उरलेल्या रकमेत वीजबिल, खडू, नोंदवह्या, किरकोळ दुरुस्ती आणि पाण्याची सोय बसवावयाची. परंतु छप्पर गळते ते मुले मोजून नव्हे. बारा मुलांच्या शाळेलाही शौचालय, पाण्याची टाकी आणि कुंपण लागते. त्यामुळे दरडोई खर्च काढला की लहान शाळा महाग दिसते.

हा हिशेब खोटा नाही, परंतु अपुरा आहे. शाळा बंद झाल्यावर वाचलेला खर्च शासनाच्या वहीतून निघून पालकाच्या खिशावर आणि मुलाच्या पायांवर जातो. तो कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

एकत्रीकरणाचा प्रश्न

२०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळेत पाठविण्याचा निर्णय झाला. २०२३ मध्ये समूह शाळांचा विचार पुढे आला आणि पुणे जिल्ह्यातील पानशेत व नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ येथील नमुने समोर ठेवण्यात आले. या विचारामागील युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही. चारच मुलांच्या शाळेत खेळास गडी मिळत नाही, वाचनालय उभे राहत नाही, इयत्तेस स्वतंत्र शिक्षक मिळत नाही. मोठ्या शाळेत हे सारे शक्य होते.

मात्र महाराष्ट्राचा भूगोल सारखा नाही. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर व सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर हे अंतर नियमांत आहे. सपाट प्रदेशात एक किलोमीटर म्हणजे पंधरा मिनिटांची वाट. सह्याद्रीच्या किंवा सातपुड्याच्या कुशीत तेवढ्याच अंतरात एखादा ओढा असतो, जो आषाढात पाय ठेवू देत नाही. सहा वर्षांचे मूल तेथून परत फिरते. मुलगी थोडी मोठी झाली, की तिची शाळा सुटण्यास तेवढेच कारण पुरते. म्हणून एकत्रीकरणाचा प्रस्ताव करण्यापूर्वी ती वाट भर पावसात कोणीतरी जबाबदार व्यक्तीने पायी चालून पाहावी आणि वाहनाची सोय कागदावर नव्हे, रस्त्यावर आहे याची खात्री करावी. ती सोय नसेल तर शाळा हलविणे म्हणजे मुलाला शाळेबाहेर काढणे होय.

शाळा बंद न करता साधने एकत्र करण्याचा मार्गही आहे. कोठारी आयोगाने १९६४–६६ मध्येच शाळा-संकुलाची कल्पना मांडली होती आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिचा पुन्हा पुरस्कार केला. वाडीवरची शाळा वाडीवरच राहावी. ग्रंथपेटी, प्रयोगसाहित्य, कला व क्रीडा शिक्षक मात्र परिसरातील शाळांनी मिळून वापरावेत, असा तिचा आशय आहे.

गावाच्या हातातील साधन

कायद्याने प्रत्येक जिल्हा परिषद शाळेस व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. या समितीने शाळा विकास आराखडा करावयाचा आहे. शासनाच्या नियोजनास व अनुदानास तोच आराखडा आधारभूत राहील, असे कायद्याच्या २२ व्या कलमात म्हटले आहे. प्रत्यक्षात हा आराखडा पुष्कळ ठिकाणी मागील वर्षाचा उतरवून काढला जातो आणि सह्या घरोघर फिरवून घेतल्या जातात.

तो मनापासून केला तर पट, शिक्षक आणि पैसा एकाच कागदावर येतात. पुढील तीन वर्षांत अंगणवाडीतून किती मुले पहिलीत येणार, किती कुटुंबे हंगामात बाहेर जाणार, किती शिक्षक लागणार, कोणती भिंत प्रथम दुरुस्त करावयाची, हे त्यात असावे. ग्रामपंचायतीने आपल्या विकास आराखड्यात त्यातील कामे घ्यावीत. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी पदांचा विचार करताना तो समोर ठेवावा.

कोरा आराखडा पाठविणाऱ्या गावाच्या शाळेविषयीचा निर्णय दूरच्या कार्यालयात एका आकड्यावरून होतो. ज्या गावाने आपली मुले नावानिशी मोजली आहेत आणि त्यांची वाट मापली आहे, त्या गावाला त्या निर्णयात आपले म्हणणे आधारानिशी मांडता येते. येत्या ग्रामसभेत शाळेचा आराखडा वाचून दाखविला जावा आणि त्यातील प्रत्येक आकडा कोठून आला हे पालकांनी विचारावे. बारा मुलांच्या शाळेचे रक्षण येथूनच सुरू होते.