माणसं धावणारच

मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. त्यामुळे 'तरंगणाऱ्या वस्तूंचं स्थैर्य' या विषयावर मी बोलणार म्हटल्यावर आमच्या घरात आधी हशा पिकला. पण या विषयाकडे मी गेलो नाही, तोच माझ्या घरी चालत आला. माझी भाची एम.ई. करत होती आणि प्रवासी होडी पाण्यावर सरळ का राहते आणि केव्हा उलटते, हा तिच्या प्रबंधाचा विषय होता. एका सुटीत ती आमच्याकडे नाशिकला आली आणि म्हणाली, "मामू, मोठी नानी 'रामदास' बोटीची गोष्ट सांगायची ना? ती मला नीट सांगा. पहिल्या प्रकरणात घ्यायची आहे."

मी म्हटलं, "सांगतो. पण आधी तुझा विषय मला समजेल असा सांग."

ती मला संध्याकाळी रामकुंडावर घेऊन गेली. लोक द्रोणात फुलं आणि दिवा ठेवून गोदावरीत सोडत होते. काही द्रोण डुलत डुलत दूर जात, काही हातभर अंतरावरच कलंडत. इतकी वर्षं मी हे पाहत आलो, त्यावर ओळीही लिहिल्या. पण कोणता द्रोण कलंडतो हे कधी पाहिलं नव्हतं. भाचीने दाखवलं. पसरट द्रोण टिकत होते. ज्यांत फुलांची रास उंच रचून वर दिवा ठेवला होता, ते कलंडत होते.

तिने समजावलं ते असं. होडीचं सगळं वजन एका बिंदूतून खाली ओढतं. पाणी होडीला वर ढकलतं, ते तिच्या बुडालेल्या भागाच्या मध्यातून. होडी सरळ असली की हे दोन्ही बिंदू एकाच उभ्या रेषेत असतात. होडी डावीकडे कलली, की डावीकडचा जास्त भाग पाण्यात जातो आणि पाण्याचा रेटाही डावीकडे सरकतो. हा रेटा वजनाच्या रेषेपलीकडे गेला, तर तोच होडीला उचलून पुन्हा सरळ करतो. म्हणजे चांगली होडी कलत नाही असं नाही. ती कलते आणि परत येते. वजन मात्र फार उंचावर असलं, तर ते पाण्याच्या रेट्यापेक्षा जास्त सरकतं आणि मग होडी परत येत नाही.

रुंदीचं महत्त्वही तेव्हा कळलं. वजन आणि लांबी तीच ठेवून रुंदी दुप्पट केली, तर रुंदीमुळे मिळणारा हा आधार दुप्पट नाही, आठपट होतो. पियर बुगे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७४६ साली जहाजांवरच्या ग्रंथात या सगळ्याला एक मोजमाप दिलं. त्या बिंदूला मेटासेंटर म्हणतात. होडीचा गुरुत्वमध्य या बिंदूच्या खाली असला पाहिजे. किती खाली, यावर प्रवाशांचा जीव अवलंबून असतो.

पुढे तिने मला प्रयोगशाळेतला प्रयोगही दाखवला. पाण्याच्या टाकीत पत्र्याची चौकोनी होडी, तिच्यावर उभी काठी, आडव्या पट्टीवर सरकणारं छोटं वजन आणि कोन दाखवणारा ओळंबा. वजन थोडं बाजूला सरकवायचं, होडी किती अंश कलली ते वाचायचं आणि त्यावरून मेटासेंटरची उंची काढायची. अभियांत्रिकीची मुलं हा प्रयोग करतात आणि वहीत लिहून मोकळी होतात. मी मात्र त्या सरकणाऱ्या वजनाकडे बघत राहिलो. मला नानी आठवत होती.

माझं आजोळ अलिबाग तालुक्यातलं. लहानपणी सुटीत आम्ही भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला जायचो. नानी सोबत असली की उतरेपर्यंत माझ्या सदऱ्याचं टोक तिच्या मुठीत असायचं. मासा दिसला म्हणून कुणी कठड्याकडे धावलं, तर ती ओरडायची, "खाली बसा! सगळे एका बाजूला जाऊ नका!" लोक हसायचे. मलाही लाज वाटायची.

त्या ओरडण्याचं मूळ १७ जुलै १९४७ या तारखेत होतं. स्वातंत्र्याला महिनासुद्धा उरला नव्हता. आषाढ अमावास्या तोंडावर होती आणि मुंबईत नोकरी करणारे कितीतरी जण गावाकडे निघाले होते. सकाळी आठच्या सुमारास 'रामदास' ही बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. बोटीवर सातशेच्या आसपास माणसं होती. पावसाळी समुद्र, सोसाट्याचा वारा. काशाच्या खडकाजवळ एक मोठी लाट बोटीवर आदळली, बोट कलली, घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. रेवसकडच्या कोळी बांधवांनी होड्या घालून काहींना वाचवलं. मुंबईला ही बातमी कळायला कित्येक तास लागले.

नानीच्या शेजारच्या घरातला एक तरुण मुलगा त्या बोटीवर होता. तो परत आला नाही. नानी सांगायची, की मुलगा गेल्याचं दुःख त्या आईने गिळलं. पण नंतर जो तो एक वाक्य बोलत राहिला, ते तिला गिळता आलं नाही. लोक म्हणायचे, "माणसं धावली म्हणून बोट बुडाली. जागेवर बसून राहिली असती तर वाचली असती." म्हणजे आपला मुलगा नुसता बुडाला नाही, त्याने इतरांनाही बुडवलं, असं तिच्या मनाने घेतलं. नानीलाही ते पटलेलं असावं. म्हणून तर ती आयुष्यभर आम्हाला खाली बसवत राहिली.

मी हे सगळं भाचीला सांगितलं. ती लिहून घेत होती. मी विचारलं, "तुझं गणित काय म्हणतं? चूक धावणाऱ्यांचीच ना?"

तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "मामू, गणित तसं म्हणतच नाही." आणि तिने मला दोन गोष्टी सांगितल्या.

पहिली स्वीडनच्या 'वासा' या युद्धनौकेची. १६२८ साली ती बांधून झाली, तेव्हा तपासणीसाठी तीस खलाशांना डेकवर या काठापासून त्या काठापर्यंत एकदम पळायला लावलं. तीन फेऱ्यांतच नौका अशी हेलकावू लागली, की तपासणी थांबवावी लागली. तरीही ती पाण्यात पाठवली गेली. १० ऑगस्टला पहिल्याच सफरीत वाऱ्याच्या झोताने ती कलली, तोफांच्या झरोक्यांतून पाणी आत शिरलं आणि दीड किलोमीटरही न जाता ती बुडाली. माणसं धावली तर काय होईल, हा प्रश्न बांधणाऱ्यांना चारशे वर्षांपूर्वीही पडला होता. उत्तर मिळालं होतं, ते मानलं गेलं नाही.

दुसरी गोष्ट एका प्रबंधाची. फिनलंडच्या याक्को राहोला यांनी १९३९ साली डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला. पूर्वी उलटलेल्या जहाजांच्या नोंदी त्यांनी गोळा केल्या, कोणत्या जहाजात किती स्थैर्य होतं ते तपासलं आणि निदान एवढं तरी हवंच, अशी किमान मर्यादा मांडली. १९६८ साली आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने शिफारस केलेल्या निकषांचा पाया हाच प्रबंध आहे. बुडालेल्यांच्या नोंदींतून पुढच्यांना वाचवण्याचा नियम निघाला. प्रबंध म्हणजे कपाटात धूळ खाणारा कागद, असं मी गमतीने म्हणायचो. त्या दिवसापासून म्हणत नाही.

मग तिने प्रवासी जहाजांचा एक नियम वाचून दाखवला. सगळे प्रवासी एका बाजूला गर्दी करतील असं धरायचं. दर माणशी वजन ७५ किलो, एका चौरस मीटरमध्ये चार माणसं. एवढी गर्दी एका काठाला झाली तरी जहाज १० अंशांपेक्षा जास्त कलता कामा नये.

श्रोतेहो, हा नियम मी तिला तीनदा वाचायला लावला. 'प्रवाशांनी शांत बसावे' असं त्यात लिहिलेलं नाही. माणूस घाबरणार, माणूस धावणार, हे गृहीत धरूनच जहाज बांधा, असं तो सांगतो. धावणं हा गुन्हा नाही. वारा आणि लाट जशी हिशेबात घ्यायची, तशीच माणसाची भीतीही घ्यायची. ती हिशेबात घेण्याची जबाबदारी बांधणाऱ्याची, चालवणाऱ्याची आणि परवाना देणाऱ्याची. तिकीट काढून बसलेल्या माणसाची नव्हे.

याचा अर्थ होडीत हवं तसं नाचावं, असा नाही. आपल्या नदीतल्या आणि धरणातल्या छोट्या होडीला असला काही हिशेब लावलेला असतोच असं नाही. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनी जलाशयात वादळी वाऱ्यात होडी उलटून सहा जण बुडाले. तेव्हा होडीत चढण्याआधी माणसं मोजा, लाइफ जॅकेट मागा, वारा सुटला असेल तर थांबा आणि चढल्यावर खाली बसा. नानीचं ओरडणं चुकीचं नव्हतं. पण आपण खाली बसायचं ते आपल्या जिवासाठी. उलटलेल्या होडीचा दोष मेलेल्यांच्या माथी मारण्यासाठी नाही.

भाचीचा प्रबंध पूर्ण झाला. पहिल्या प्रकरणात 'रामदास'वर एकच परिच्छेद आहे. त्यात कुणाचं नाव नाही, दुःखाचं वर्णन नाही. एवढंच लिहिलंय, की संकटात प्रवाशांची हालचाल होणं हे स्वाभाविक आहे आणि नौकेच्या रचनेत ते धरलं गेलं पाहिजे.

ती आई केव्हाच गेली. नानीही गेली. ते एक वाक्य त्या दोघींना वाचून दाखवायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.