स्वातंत्र्याच्या दोन तारखा

१५ ऑगस्ट १९४७ रोजी दिल्लीत तिरंगा फडकला, तेव्हा मराठवाड्यात तो उघडपणे हाती घेणाऱ्याला तुरुंगाची वाट धरावी लागत होती. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे त्या वेळचे पाच मराठी जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तिथे स्वातंत्र्य पोहोचले ते १७ सप्टेंबर १९४८ रोजी, म्हणजे तेरा महिन्यांनी.

ही लढाई मात्र त्याआधीच सुरू झालेली होती, आणि तिची सुरुवात भाषेपासून झाली. संस्थानात कारभार उर्दूत चाले, उच्च शिक्षणही उर्दूतच. उघड राजकारणाला वाव नव्हता. म्हणून वाचनालये, मराठी शाळा आणि १९३७ मध्ये परतूरला भरलेली महाराष्ट्र परिषद यांतून माणसे एकत्र आली. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी आली. त्याच वर्षी 'वंदे मातरम्' म्हटल्याबद्दल विद्यार्थ्यांना उस्मानिया विद्यापीठातून काढून टाकण्यात आले. त्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यातलेच. अंबाजोगाईच्या शाळेत शिकवणारे स्वामी रामानंद तीर्थ या लढ्याचे नेते झाले.

१९४७ नंतर लढ्याचे रूप पालटले. एकीकडे निजामाने भारताशी 'जैसे थे' करार केला, तर दुसरीकडे कासिम रझवीच्या रझाकारांनी गावोगाव दहशत माजवली. मनमाड, सोलापूर, उमरखेड अशा सरहद्दीबाहेरच्या ठिकाणांहून कार्यकर्ते काम करू लागले. करोडगिरीचे नाके जाळले गेले. कुणी भाकरी पोहोचवली, कुणी निरोप, कुणी हत्यारे. अखेर १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि पाचव्या दिवशी निजामाने शरणागती जाहीर केली. कारवाई सैन्याची होती, पण लोकांच्या तोंडी नाव बसले ते 'पोलिस ॲक्शन'.

इथे एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. रझाकारांचे अत्याचार आपण आठवतो आणि ते आठवलेच पाहिजेत. परंतु विजयानंतर अनेक ठिकाणी निरपराध मुस्लिमांवर सूड उगवला गेला. त्याची पाहणी करायला भारत सरकारनेच पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत तिने उस्मानाबाद आणि नांदेडची नावे नोंदवली. तो अहवाल मात्र अनेक दशके लोकांसमोर आला नाही.

तेच संस्थान १९५६ मध्ये भाषेप्रमाणे वाटले गेले. मराठवाडा आधी द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आला. आज १७ सप्टेंबरला आपण 'मुक्तिसंग्राम दिन' म्हणतो, कर्नाटकात 'कल्याण कर्नाटक उत्सव' साजरा होतो आणि तेलंगणात तर या दिवसाला काय म्हणावे यावरच वाद झडतात. एकाच दिवसाकडे इतक्या नजरांनी पाहिले जाते, कारण तो दिवस प्रत्येकाच्या वाट्याला वेगळा आला.

लढ्यातले साक्षीदार आता फार थोडे उरले आहेत. झेंडावंदन दरवर्षी होईल. पण आपल्या गावात त्या तेरा महिन्यांत काय घडले, कोणी कोणाला लपवले, कोणाचे घर जळाले, हे जाणत्या माणसांना विचारून आजच लिहून ठेवले पाहिजे. त्यात शेजाऱ्याला वाचवणारे हिंदूही सापडतील आणि मुसलमानही. त्यांची नावे राहिली, तर या दिवसाचा खरा अर्थ पुढच्या पिढीला कळेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)