पीक आलं, पैसा गेला कुठे?



आज पीकपाण्याऐवजी घरखर्चाबद्दल बोलू. 'पीक बरं आलं, पण हातात काही उरलं नाही,' असं पारावर नेहमी ऐकू येतं. मग पैसा जातो कुठे?

सरकारची राष्ट्रीय नमुना पाहणी घरोघर जाऊन हेच विचारते. देशातल्या खेड्यांत १९९९-२००० साली घरखर्चाच्या शंभर रुपयांतले सुमारे ५९ रुपये खाण्यापिण्यावर जात. २०२२-२३ मध्ये ते ४६ झाले. नुसत्या धान्याचे २२ रुपये होते, ते ५ वर आले. दुधावर मात्र ८ रुपये, म्हणजे धान्याहून जास्त! प्रवासाचे ३ रुपये होते, ते साडेसात झाले. औषधपाण्यावर ७ रुपये जातात.

धान्याचा खर्च उतरला, त्यात सरकारी खर्चाचाही वाटा आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील कार्डधारकांना जानेवारी २०२३ पासून रेशनच्या नेहमीच्या धान्याचेही पैसे पडत नाहीत. शाळा आणि आरोग्य केंद्राचंही तसंच. ती नीट चालली तर आपला खिसा वाचतो, नाही तर तोच खर्च आपल्या अंगावर येतो. म्हणून ग्रामसभेत त्यांची चौकशी जरूर करा.

आता मुख्य मुद्दा. धान्य घरच्या कणगीतून निघे. पेट्रोल, औषध, मोबाइल यांना रोकड लागते, आणि ती दर महिन्याला. २०२२-२३ मध्ये महाराष्ट्राच्या खेड्यांत माणशी महिन्याचा खर्च सरासरी ४,०१० रुपये होता. पाच माणसांच्या घराला वीस हजार झाले! पिकाचा पैसा मात्र वर्षातून एकदा-दोनदा येतो. मधल्या महिन्यांत उधारी वाढते ती यामुळेच.

यावर दोन गोष्टी करा. एक, वही घाला. खाणं, औषध-शाळा-प्रवास आणि शेतीचा खर्च असे तीन रकाने पाडा. बियाणं-खताचा पैसा घरखर्चात मिसळू देऊ नका. दोन, दूध, अंडी, भाजीपाला यांपैकी आठवड्याला पैसा देणारं एखादं काम शेतीला जोडा. खेड्यांतल्या लोकांच्या खाण्याच्या खर्चात यांचा वाटा वाढला आहे. पण चाऱ्या-पाण्याचा हिशेब केल्याशिवाय जनावर दावणीला बांधू नका.

वही आजच घाला. वर्षभरात पैसा कुठे जातो ते तीच सांगेल.