उंबरठ्यापर्यंतचे उपचार
(हीरकमहोत्सवी मेळाव्यातील भाषण)



पक्षाघात आपल्या वैद्यकाला नवा नाही. चरकसंहितेने त्याची गणना वातव्याधींत केली आणि स्नेहन, स्वेदन, विरेचन हे उपचार सांगितले. विसाव्या शतकात पोलिओच्या साथींनी हजारो मुले लुळी पडली, तेव्हा पाश्चात्त्य डॉक्टरांनी वेगळाच मार्ग धरला: अवयव फळ्यांत आणि प्लास्टरमध्ये जखडून ठेवले. हाडे वाकडी होऊ नयेत हा हेतू. पण न हललेले स्नायू अधिकच क्षीण होत. ऑस्ट्रेलियातील परिचारिका एलिझाबेथ केनी यांनी ती बंधने सोडवली. गरम पाण्यातून पिळलेल्या लोकरीच्या पट्ट्यांचा शेक, मग हळूहळू हालचाल. डॉक्टरांना त्यांची सारी उपपत्ती पटली नाही; पद्धत मात्र त्यांनी स्वीकारली. मुंबईत फातिमा इस्माईल यांनी, स्वतःच्या मुलीला पोलिओ झाल्यावर, १९४७ मध्ये अशा मुलांसाठी दवाखाना काढला. हाजी अली येथील मुलांचे अस्थिरुग्णालय त्यांच्याच कार्यातून उभे राहिले.

शेक आणि व्यायाम यांनी जेवढे बळ परतायचे तेवढेच परतते. पुढच्या आयुष्यासाठी उरे कॅलिपर: पोलादी सळ्या, चामडी पट्टे आणि खाली जोडलेला जड बूट. विलायतेत तो बूट खपून जाई. आपल्याकडे देवघर, स्वयंपाकघर, पंगत, शाळेतील बसकर, सारेच अनवाणी. उंबरठ्यापाशी बूट काढायचा म्हणजे आधारच काढायचा.

ही अडचण आपल्या जयपुराने ओळखली, ती कृत्रिम पायाच्या निमित्ताने. सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि फारसे शालेय शिक्षण नसलेले कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस रबराचे असे पाऊल घडवले, की त्याला बूट लागत नाही आणि उकिडवेही बसता येते. सेठींना १९८१ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 'मास्टरजी' शर्मांचे नाव त्या मानाने मागेच राहिले, हे मला खटकते. १९७५ मध्ये स्थापन झालेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती हे पाय विनामूल्य देते, आणि पोलिओग्रस्तांना कॅलिपरही.

मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. परंतु कॅलिपर लावून आपल्या शाळेत आलेली मुले आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. कवायतीच्या तासाला अशांना वर्गातच बसवून ठेवण्याची तेव्हा सर्वत्र रीत होती. केनीबाईंना ती मुळीच रुचली नसती. त्यांच्यापैकी काही आता पालक म्हणून येतात आणि व्हरांड्याच्या पाच पायऱ्या अजूनही भिंतीला धरून चढतात. त्या पायऱ्यांशेजारी उतार आणि कठडा बांधण्याचे काम हीरकमहोत्सवी निधीतून दिवाळीच्या सुट्टीत सुरू होईल. आराखडा कार्यालयात लावला आहे. पायऱ्या ज्यांना जड गेल्या, त्यांनी तो आधी पाहावा आणि उताराची मापे योग्य आहेत की नाहीत, ते आम्हांला सांगावे.