फळ्यामागचे डबे

(तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मी शिक्षक नाही. मॅट्रिकपर्यंत शिकलो, गोदीत ओझी उचलतो, कविता लिहितो. तरीही शिक्षणातल्या यंत्रांवर बोलायला उभा राहिलोय, कारण विहारातल्या अभ्यासिकेसाठी वर्गणी काढून मोठा पडदा आणि टॅबलेट घ्यायचे, असा ठराव आज आपल्यापुढे आहे. ठरावाला माझा विरोध नाही. पण हात वर करण्याआधी थोडं ऐकून घ्या.

सुरुवात फळ्यापासून करतो. फळा हेसुद्धा शिकवायचं साधनच. बाबासाहेब मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत होते तेव्हाची गोष्ट, त्यांच्या चरित्रात नोंदलेली. मास्तरांनी त्यांना फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं. ते उठले तशी सवर्ण पोरं ओरडत फळ्याकडे धावली. फळ्यामागे त्यांचे जेवणाचे डबे होते. आधी डबे हलले, मग आपल्या बापाला फळ्याला हात लावता आला.

लाकडाच्या फळ्याला जात नव्हती. खडूलाही नव्हती. जात फळ्यामागे ठेवलेली होती. आज फळ्याच्या जागी पडदा आलाय. माझा प्रश्न एवढाच आहे की या पडद्यामागे कुणाचे डबे आहेत?

मार्च २०२० मध्ये शाळांना कुलपं लागली. सरकार म्हणालं, शाळा बंद पण शिक्षण सुरू. कुणाचं सुरू? सरकारच्याच २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत लिहून ठेवलं होतं की देशातल्या १०० घरांपैकी जेमतेम २४ घरांत इंटरनेटची सोय आहे. शहरात ४२, खेड्यात १५. संगणक १०० घरांपैकी ११ घरांत. म्हणजे कुणाचं शिक्षण बंद पडणार हे कागदावर आधीच होतं. तरी बटण दाबलं. पुढे ऑगस्ट २०२१ मध्ये ज्याँ द्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ राज्यं-केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब घरांतल्या सुमारे १४०० पोरांची पाहणी केली. खेड्यातल्या दलित-आदिवासी पोरांपैकी नियमित ऑनलाइन शिकत होती १०० मागे ४. त्याच गरीब खेड्यांतल्या बाकीच्या पोरांत हा आकडा १५. गरिबी दोघांची, पण ४ आणि १५. ज्यांना जात दिसत नाही, त्यांनी हे दोन आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत.

सप्टेंबर २०१९ मध्ये, वसतिगृहातल्या एका मुलीवरच्या फोनबंदीच्या खटल्यात, केरळच्या उच्च न्यायालयाने सांगितलं होतं की इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या हक्काचा भाग आहे. त्याच केरळात १ जून २०२० ला ऑनलाइन वर्ग सुरू झाले आणि त्याच दिवशी नववीतल्या एका दलित मुलीने जीव दिला. घरातला टीव्ही बिघडलेला, स्मार्टफोन नाही, बापाला काम नाही. पोरगी हुशार होती. तिला अभ्यास नको होता म्हणून ती गेली नाही, अभ्यास हवा होता म्हणून गेली.

आणि ज्यांना फोन मिळाला त्यांचं काय झालं? वर्गात आपण निदान घर बाहेर ठेवून बसायचो. पडद्याने घर वर्गात नेलं. मागचा पत्रा दिसला, नळावरचं भांडण ऐकू आलं, चेहऱ्याखाली आडनाव लिहून आलं. एप्रिल २०२१ मध्ये खरगपूरच्या आयआयटीत दलित-आदिवासी आणि अपंग पोरांच्या ऑनलाइन तयारी वर्गात प्राध्यापिकेने पोरांना सरळ शिव्या घातल्या. हे काही नवं नव्हतं. नवं एवढंच की या वेळी रेकॉर्डिंग झालं, देशाने ते पाहिलं, आणि संस्थेला तिला निलंबित करावं लागलं. बंद दाराआड शतकानुशतकं जे चालत आलं त्याला पहिल्यांदा पुरावा मिळाला. म्हणजे तेच यंत्र आपल्याला उघडं पाडतं आणि तेच त्यांनाही उघडं पाडतं.

म्हणून मी यंत्राला शिव्या देणार नाही. गोदीत क्रेन आल्या, कंटेनर आले. टोळ्याच्या टोळ्या जे दिवसभर उतरवायच्या, ते आता लोखंडी पेटीत बंद होऊन जातं. क्रेन माझी दुश्मन नाही, तिनं पाठी वाचवल्या. पण पाठीबरोबर भाकरीही गेली, कारण क्रेन कशी आणायची हे ठरवताना मजुराला कुणी विचारलं नव्हतं. शाळेतल्या यंत्राचंही तेच. आणतो एक, विकतो दुसरा, फोटो काढतो तिसरा. आपलं पोरगं मागच्या रांगेत उभं.

आमच्या वस्तीजवळच्या एका शाळेत संगणकाची खोली आहे. पाहुणे आले की कुलूप निघतं, गेले की पुन्हा लागतं. पोरं तिला ‘साहेबांची खोली’ म्हणतात. आणि शेजारच्या एका मावशीकडे टाय लावलेला पोरगा येऊन गेला. म्हणाला, हप्त्यावर टॅब घ्या, मुलगा इंजिनियर होईल. मावशीने धुणीभांडी करून हप्ते फेडले. टॅब चार महिन्यांत बंद पडला, हप्ते चालूच.

१८८२ साली जोतीरावांनी हंटर कमिशनपुढे निवेदन दिलं. वरच्यांना शिकवा म्हणजे विद्या खाली झिरपेल, ही सरकारची पॉलिसी. जोतीरावांनी विचारलं, कर भरतो कुणबी आणि शिकतो भटाचा पोरगा, हे कसं? त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणून सांगितलं, चांगले मास्तर मागितले. आजही तेच झिरपणं शिकवलं जातंय. आधी मोठ्या शाळांना स्मार्ट वर्ग, मग कधीतरी तुम्हाला. अरे, किती पिढ्या थेंबाखाली तोंड उघडं ठेवून बसायचं?

पण दुसरी बाजूही सांगतो. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले नावाच्या शिक्षकाने पुस्तकात क्यूआर कोड घातले. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि त्यांनी अर्धी रक्कम बाकीच्या नऊ स्पर्धकांत वाटून टाकली. बालभारतीच्या पुस्तकांतही आता क्यूआर कोड असतात. फोन लावला की धडा बोलतो. फोन नसेल तर तो काळा चौकोन आहे, बस्स. परितेवाडीत चौकोन बोलला तो यंत्रामुळे नाही, रोज पोरांत बसणाऱ्या मास्तरामुळे. पोरगं दोन दिवस का आलं नाही हे ॲप विचारत नाही. पोरगं ‘पानी’ म्हणालं तर पडद्यावरची बाई त्याला हसणार नाही हे खरं, पण जवळही घेणार नाही.

आणि बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचे खंड आज परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. रात्रपाळीत चहाच्या सुट्टीत मी ते फोनवर उघडतो. अर्धं समजतं, अर्ध्यासाठी कुणाला तरी विचारतो. जो ग्रंथ हातात धरायची ऐपत नव्हती तो खिशात आला. हे मी कुणाला सोडून देऊ?

तर ठरावाबद्दल. माझ्या तीन सूचना आहेत.

पहिली. पडदा घ्या, पण त्याला पहिला हात पोरांचा लागला पाहिजे. दादा लोकांनी रिमोट धरायचा आणि पोरांनी मांडी घालून बघायचं, ही दुसरी शाळाच झाली. आठवीतली पोरगी तिसरीच्या पोरांना त्यावर धडा दाखवेल, चुकेल, पुन्हा दाखवेल. पडदा बिघडला तर बिघडला.

दुसरी. वर्गणीतला पहिला पैसा यंत्रावर नको, माणसावर. रोज संध्याकाळी दोन तास बसणारे दोघे आधी नक्की करा. मी पाळी सांभाळून आठवड्याला तीन दिवस देतो. आता सांगा, तुमच्यातले कोण?

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. आपण वर्गणी काढायची आणि सरकारी कुलूप तसंच ठेवायचं, हे चालणार नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या कलम २१ प्रमाणे शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या बाया हव्यात, वंचित घरांतल्या पालकांना प्रमाणात जागा हव्यात. अनुदान कुठं खर्च झालं यावर नजर ठेवणं हे त्या समितीचं काम आहे. आपल्या किती आयांना हे माहीत आहे? किती जणींच्या फक्त सह्या घेतल्या जातात? माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. दहा रुपयांचा अर्ज करा. यंत्रं किती आली, चालू किती, महिन्यातून किती तास पोरांच्या हाती, हे लेखी मागा. उत्तर आलं की ते फोनवरून वस्तीभर फिरवा. ऑनलाइन माध्यमाचा याहून चांगला धडा नाही.

मित्रांनो, बाबासाहेब फळ्याकडे निघाले तेव्हा डबे आपोआप हलले नाहीत. ते चालत गेले म्हणून हलवावे लागले. उद्या सकाळी आपणही शाळेत चालत जाऊ, आयांना पुढे घालून. साहेबांच्या खोलीची किल्ली मागू.

जय भीम.