खारवलेले आमिष : पावसाळ्यातल्या गरीसाठी मे महिन्यातली तयारी



शेती खात्याचा माणूस आज भात सोडून गरीला लावायच्या आमिषाबद्दल काय बोलायला बसला, असे तुमच्यापैकी कुणाच्या मनात येईल. पण खाडीकाठच्या शेतकऱ्याच्या घरी जुलैत काय असते ते आपण सारे जाणतो. लावणी आटोपलेली असते, हातात पैसा नसतो, बाजारात ताजी मासळी दिसत नाही आणि दिसली तर परवडत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, ती माशांच्या विणीसाठी आवश्यकच आहे. काठावर उभे राहून हाताने टाकलेल्या गरीला ती बंदी नाही. तेव्हा दोन तास मोकळे मिळाले की माणूस गरी घेऊन खाडीवर जातो. तिथे पहिली अडचण येते ती आमिषाची. घरच्यांनी खावी अशी कोळंबी विकत घेऊन ती गरीला लावायची, आणि खेकड्यांनी व बारक्या खरब्यांनी ती कुरतडून न्यायची, हा व्यवहार परवडणारा नाही.

याला उपाय आपल्याच घरात आहे. पावसाळ्याच्या बेगमीला आपण बांगडा खारवतो, त्याच पद्धतीत थोडा फरक करून आमिष खारवता येते. काम मे महिन्यात, बंदी सुरू होण्याआधी करावे. त्या वेळी तारली किंवा बांगडा स्वस्त मिळतो, ऊन असते आणि मीठही कोरडे असते.

मीठ काय करते ते आधी समजून घेऊ, म्हणजे प्रमाण का पाळायचे ते लक्षात राहील. मीठ मांसातले पाणी ओढून बाहेर काढते. पाणी कमी झाले की सडवणाऱ्या जंतूंना वाढता येत नाही. पाणी गेल्यामुळे मांस आटते, चिवट होते आणि गरीवर घट्ट बसते. आपल्या कामाचा खरा फायदा हाच. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, खाडीचे पाणी जोरात धावते. तेव्हा ताज्या कोळंबीचा तुकडा दोन झटक्यांत निघून जातो, खारवलेली पट्टी मात्र टिकते. वासाच्या बाबतीत ताजे आमिष सरस आहे, हे मी कबूल करतो. पण जे हाताशी नाही त्याचा वास काय कामाचा?

मासळी ताजीच घ्या. डोळे चकचकीत, कल्ले लाल आणि अंग ताठ हवे. उतरलेली, पोट फुटलेली मासळी स्वस्त मिळते म्हणून आमिषाला चालेल असे पुष्कळांना वाटते. ती खारवूनही सडकीच राहते आणि गरीवर धरत नाही. डोके व आतडी काढा, पण कातडे काढू नका, कारण गरी धरून ठेवते ते कातडेच. बांगड्याच्या करंगळीएवढ्या लांब आणि तिच्या निम्म्या रुंदीच्या पट्ट्या पाडा. तारली नाजूक असते, तिच्या नुसत्या दोन फाका करा. मिठाच्या पाण्यात एकदा विसळून चाळणीत निथळू द्या. डोकी फेकू नका, त्यांचा उपयोग पुढे सांगतो.

एक किलो पट्ट्यांना अर्धा किलो जाडे मीठ घ्यावे. बारीक मीठ वरच्या वर विरघळते आणि पट्ट्यांचा लगदा होतो, म्हणून खडेमीठच बरे. भांडे चिनी मातीचे, काचेचे किंवा प्लॅस्टिकचे असावे. लोखंड गंजते आणि अॅल्युमिनियमला मीठ खाते. आणि एक गोष्ट बजावून सांगतो. कीटकनाशकाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी या कामाला वापरू नका. त्यात ठेवलेले आमिष तुमच्या हाताला लागते, मासा ते गिळतो आणि तो मासा तुमच्या ताटात येतो.

तळाला मिठाचा थर, त्यावर कातडे खाली करून पट्ट्यांचा एक थर, पुन्हा मीठ, असे रचत जावे. शेवटचा थर मिठाचा. वर ताटली ठेवून धुतलेला दगड ठेवा. काही तासांतच पाणी सुटू लागते. हे पाणी पट्ट्यांच्या वर आले पाहिजे, नाहीतर उघडा राहिलेला भाग बिघडतो. चोवीस तासांनी ते पाणी ओतून टाका आणि पाव किलो नवे मीठ घेऊन पुन्हा तसेच थर लावा. आणखी एक-दोन दिवसांनी पट्टी वाकवून पाहा. चामड्यासारखी वाकली आणि बोटाने दाबल्यावर पाणी सुटले नाही, म्हणजे झाली.

नंतर पट्ट्या चाळणीवर पसरून सावलीत, वारा लागेल अशा ठिकाणी तीन-चार तास ठेवा. मांजर आणि कावळा यांच्यासाठी वर जाळी हवीच. कडक उन्हात वाळवू नका. बांगडा-तारलीत तेल असते, उन्हाने ते खवट होते आणि पट्टी काडीसारखी कडक होऊन गरीवर मोडते. सुकटीसाठी ऊन लागते, आमिषासाठी नाही, एवढा फरक ध्यानात ठेवा.

कोळंबी खारवायची असेल तर सारे थोडक्यात आटपायचे. डोके काढा, लहान कोळंबीचे कवचही काढा, मोठीचे राहू द्या. तिच्या निम्म्या वजनाचे मीठ लावून रात्रभर, फार तर चोवीस तास ठेवा. जास्त ठेवलीत तर ती दगड होते.

खरी कसोटी साठवणीची आहे. पावसाळी हवेत मीठ स्वतःच पाझरते हे तुम्ही स्वयंपाकघरात पाहताच. म्हणून पट्ट्या कोरड्या मिठात घोळवून, पंधरा-वीसच्या पुड्या करून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधा आणि त्या पिशव्या झाकणाच्या बरणीत ठेवा. एका खेपेला एकच पुडी उघडायची, म्हणजे सगळ्या मालाला दमट हवा लागत नाही. फ्रिज असेल तर उत्तम, पण घरातली मंडळी विचारतील तेव्हा उत्तर तयार ठेवा. नसेल तर थंड, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवून दर आठ-पंधरा दिवसांनी पाहत जा. तपकिरी रंग आणि खारट-मासळीचा वास यात काही बिघाड नाही. गुलाबी किंवा लालसर डाग पडले, बुळबुळीत झाले, नाकाला झोंबणारा वास आला, तर ती पुडी टाकून द्या. हे गुलाबी जंतू मिठातच वाढणारे असतात आणि आगरातल्या मिठाबरोबर येतात. त्या बरणीतले मीठ पुन्हा वापरू नका, बरणी उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात तापवा. बरणीवर ‘आमिष’ असे ठळक लिहून ठेवा. ती खाण्याच्या खाऱ्या मासळीजवळ ठेवू नये.

सुटलेले खारे पाणी कुठे ओतायचे हाही प्रश्न आहे. आपण नारळाच्या आळ्यात मीठ घालतो, म्हणून हे पाणीही परसात कुठेही ओतायला हरकत नाही, असे समजू नका. भाजीच्या वाफ्याला, भाताच्या तरव्याला किंवा विहिरीजवळ ते पडता कामा नये. लिटरभर पाणी ओहोटीच्या वेळी खाडीत सोडले की झाले.

आता गरीला लावणे. पट्टी आधी दहा मिनिटे खाडीच्या पाण्यात भिजवा. वरचे मीठ निघते, पट्टी थोडी मऊ होते आणि वास सुटतो. गरी कातड्याच्या बाजूने एका टोकाला टोचून आरपार काढा आणि टोक उघडे ठेवा. बाकीची पट्टी लोंबती राहू द्या, प्रवाहात ती हलते आणि मासा त्यालाच फसतो. सगळी पट्टी गुंडाळून गरीचा गोळा करू नये.

तांबोशी, गोबरा आणि शिंगाळा या आमिषाला येतात. गढूळ पाण्यात शिंगाळा वासावरच अन्न शोधतो, त्यामुळे पावसात त्याचीच आशा जास्त. जिताड्याला जिवंत कोळंबी लागते, त्याच्यासाठी ही पट्टी वाया घालवू नका. बोयही याला तोंड लावत नाही. आणि बाजूला ठेवलेली डोकी? तीही तशीच खारवून फगाच्या मध्यभागी सुतळीने घट्ट बांधा, चिंबोरीला ती पुरेशी होतात. नदीवर किंवा शेततळ्यावर जाणाऱ्यांनी मात्र ताजी गांडुळेच वापरावीत. मिठात गांडुळाचा नुसता दोरा होतो.

शिंगाळ्याचे काटे विषारी असतात. काटा लागला तर हात किंवा पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा. सूज चढली किंवा काटा आत मोडला, तर दवाखाना गाठा. खाडीच्या तोंडाशी असलेल्या खडकांवर उधाणाच्या भरतीत एकट्याने उभे राहू नका. पावसाळ्यात शेवाळाने पाय सरकतो आणि लाट मागून येते. गाबोळी भरलेली मासळी व लहान पिल्ले जमेल तेवढी सोडून द्या. पाण्यात विष किंवा सुरुंग टाकून मासे मारणे हा १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. ज्या ओढ्यात विष पडते त्याच ओढ्यावर तुमची गुरे पाणी पितात.

घरी आल्यावर आमिष लावलेली गरी पडवीत टांगून ठेवू नका. कोंबडी किंवा मांजर ती गिळते आणि मग काढता येत नाही. आमिष काढून गरी गोड्या पाण्याने धुवा, कोरडी पुसा आणि खोबरेल तेलाचे बोट फिरवून डबीत ठेवा. मिठाने गरी लवकर गंजते.