सर्जनशील विचाराची जोपासना



नवे काही सुचणे ही कवीला अथवा शास्त्रज्ञालाच लाभलेली देणगी होय, असा समज समाजात रूढ आहे. तो खरा मानला, तर सामान्य माणसाच्या वाट्याला केवळ अनुकरणच उरेल. परंतु गोमंतकाची भूमीच या समजाला उत्तर देते.

मांडवी आणि जुवारी या नद्यांच्या काठी खाजन शेती आहे. भरतीचे खारे पाणी शेतात शिरले तर पीक जाते. नुसता बांध घालून ते अडवले, तर पावसाचे पाणी आत तुंबते. या दुहेरी अडचणीवर पूर्वजांनी मानशीचा तोडगा काढला. बांधात बसवलेल्या मानशीची लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. ज्या भरतीचे भय, तिलाच राखणीस बसवले! हे कोणा एका पंडिताचे नव्हे, पाण्याची चाल पिढ्यान्‌पिढ्या न्याहाळणाऱ्या कष्टकऱ्यांचे शहाणपण आहे.

पाणी कसे अडवावे, एवढ्यावर न थांबता त्याच पाण्याकडून काम कसे करून घ्यावे, असा प्रश्न त्यांनी घातला. सर्जनशील विचाराचे मर्म या प्रश्न पालटण्यात आहे.

शिक्षणक्षेत्रातही असाच पालट घडला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डी येथे व पुढे कोसबाड येथे बालशिक्षणाचे कार्य केले. मुले शाळेत का येत नाहीत, असे म्हणून पालकांना दोष देणे सोपे होते. त्याऐवजी, शाळाच मुलांकडे का जाऊ नये, असा विचार त्यांनी केला. त्यातून वस्तीच्या अंगणात अंगणवाडी भरली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. 1975 साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या केंद्रांनाही पुढे अंगणवाडी हेच नाव मिळाले.

ही दृष्टी अभ्यासाने येते. प्रथम वस्तू नीट पाहावी. मग अडचण दोन-तीन निरनिराळ्या शब्दांत मांडून पाहावी. सुचलेल्या कल्पना आधी टिपून घ्याव्या. त्यांची पारख नंतर करावी. निवडलेली कल्पना लहान प्रमाणावर, थोड्या खर्चात आजमावावी. फसली, तर का फसली याची नोंद ठेवावी.

शिक्षकांनी दिवसातून निदान एक प्रश्न असा विचारावा, की ज्याला एकच ठरावीक उत्तर नाही. माडाच्या झावळीचे उपयोग कोणते, हे विचारून झाल्यावर आणखी कोणता उपयोग होऊ शकेल, हेही विचारावे. कार्यालयात कनिष्ठ सेवकाची सूचना ऐकल्याविना बाजूला सारू नये. लोकांची अडचण बहुधा त्यालाच आधी दिसते. ग्रामसभेत वृद्धांच्या अनुभवाबरोबर तरुणांच्या शंकेलाही स्थान असावे.

दुर्लक्षाने बांधाला भगदाड पडले, तर पिकती शेते खारी होतात. मुलाचा प्रश्न हसण्यावारी नेला, तर त्याची जिज्ञासा तशीच नापीक होते, आणि ती हानी कोणत्याही पंचनाम्यात नोंदली जात नाही. म्हणून घरात, वर्गात व कचेरीत प्रश्न विचारणाऱ्याला अभय मिळावे. पूर्वजांच्या शहाणपणाचा खरा वारसा तोच होय.